कॉक ॲबीच्या काकूंना, मनापासून

ती. काकूंस,

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या कॉक ॲबी या जुन्या हवेलीला येणारे बहुतेक पाहुणे तबेल्याच्या चौकातून भराभर पुढे निघतात आणि थेट मोठ्या घराची वाट धरतात. तुम्ही आम्हा विद्यार्थ्यांना त्या चौकातच थांबवलंत. "आधी हे बघा. हे घर चालवत कोण होतं, ते इथे कळतं," म्हणालात. माझ्या प्रबंधाचा विषय त्या दुपारी ठरला. म्हणून हे आभार चारचौघांत मानते आहे.

सर जॉन हार्पर यांनी घर बांधलं 1701 ते 1704 मध्ये, आणि 1712 ते 1716 मध्ये विल्यम गिल्क्सकडून तबेले बांधून घेतले. या तारखा पुस्तकात मिळाल्याच असत्या. पण तुम्ही आम्हाला दारांची रुंदी मोजायला लावलीत. घोडा कुठून आत येतो, बग्गी कुठे वळते, गवत वर कसं चढतं आणि लीद कुठून बाहेर जाते, हे विचारत राहिलात. उत्तर आलं नाही की गप्प उभ्या राहायचात, आम्हाला सुचेपर्यंत. घराचे नंतरचे मालक सर व्हॉन्सी हार्पर क्रू यांना मोटारगाड्यांचा इतका तिटकारा होता की त्यांनी आपल्या हद्दीत त्या येऊच दिल्या नाहीत. एका माणसाच्या हट्टामुळे घोडागाड्यांचं जग इथे उशिरापर्यंत टिकलं, हे तुम्ही किती जीव लावून सांगितलंत! घरात वीजसुद्धा 1962 साली आली.

सगळ्यात जास्त ऋण आहे ते बिअर गाळायच्या इमारतीचं. ती घरापासून लांब का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी आता झोपेतही देईन. मोठ्या हंड्याखाली सतत जाळ, त्यामुळे आगीची भीती. शिवाय वाफ आणि वास. सातूला मोड आणून, वाळवून, भरडून तो गरम पाण्यात भिजवायचा, गोड पाणी निथळून घ्यायचं, हॉप्स नावाची कडवट फुलं घालून उकळायचं, पसरट भांड्यांत निववायचं आणि मग यीस्ट घालून आंबवायचं. उरलेला चोथा जनावरांना. त्या काळी अशा घरांत नोकरांना रोजची हलकी बिअर पगाराचाच भाग म्हणून मिळे. म्हणजे ही इमारत काही धनिकांच्या चैनीची जागा नव्हती. तिथून पिंपं थेट घराच्या तळघरात पोचावीत म्हणून जमिनीखालून भुयार काढलं आहे. त्यातून तुम्ही आम्हाला चालवलंत तेव्हा भिंतीवर हात ठेवून म्हणालात, "हे ओझं वाहणारी माणसं वरच्या हिरवळीवरून दिसू नयेत, अशीच सोय झाली की नाही?" मी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यावरच उभं आहे.

बागेतलं तर किती सांगू. ऑरिक्युला या फुलझाडाच्या कुंड्या पावसापासून जपून मांडायला बांधलेल्या त्या पायऱ्या पाहून आमच्यातल्या एकीला गौरीची आरास आठवली, आणि तुम्ही खुदकन हसलात. मोठ्या माळ्याच्या खोलीतले बियाण्यांचे खण मात्र तुम्ही हलक्या आवाजात दाखवलेत. पाहुण्यांसमोर फुलं येत, ती फुलवणाऱ्याचा हिशेब मात्र या लाकडात राहिला, असं तुमचं म्हणणं.

हे सगळं आज उभं आहे, त्यामागची धडपडही तुम्हीच सांगितलीत. 1981 मध्ये तेव्हाचे मालक चार्ल्स हार्पर-क्रू वारले, वारसाकराचा प्रचंड बोजा आला, 1984 च्या अर्थसंकल्पात या जागेसाठी सरकारी मदतीची तरतूद झाली आणि 1985 मध्ये ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली. ट्रस्टने पडझड थांबवली, पण चकचकीत काही केलं नाही. पापुद्रे सुटलेला रंग तसाच ठेवला. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. नवा रंग फासला असता, तर कुठे खांदा घासला, कुठे खुंटी होती, काहीच वाचता आलं नसतं.

परत आल्यावर मी नाशिकजवळच्या एका वाड्याचं मोजमाप घेतलं. दिवाणखान्याचे नकाशे आधीच कुणी तरी काढले होते. पागा, कोठार, गोठा आणि न्हाणीघर यांना कुणी टेप लावलेली नव्हती. तुमचेच प्रश्न विचारत फिरले: पाणी कुठून, धूर कुठून, ओझं कुठून. मागच्या दिंडीदरवाजापासून कोठारापर्यंतची फरसबंदी पुढच्या चौकापेक्षा कितीतरी जास्त झिजलेली निघाली. मालकांनी पागा पाडायचं ठरवलं होतं. नकाशा पाहून निदान मोजणी पूर्ण होईपर्यंत थांबायला ते तयार झाले आहेत.

इतकी वर्षं परदेशात राहून, सुट्टीच्या दिवशी, एक पैसा न घेता तुम्ही अनोळखी पोरांना इतका वेळ दिलात. त्यातही शेवटी थर्मासमधला चहा आम्हालाच पाजलात, स्वतःसाठी ठेवला नाहीत.

नकाशाची प्रत सोबत पाठवते आहे. कोठाराच्या उत्तरेच्या भिंतीत जमिनीलगत एक झरोका आहे, तो कशासाठी असावा ते उलगडत नाही. सवडीने पाहून कळवाल का?

तुमची,
नाशिकची विद्यार्थिनी