ई-मेलमधील छायाचित्रे न दिसण्याबाबत सूचना

रावेर व यावल तालुक्यांतील केळी उत्पादक सभासदांस कळविण्यात येते की, सिगाटोका करपा (केळीच्या पानांवरील बुरशीजन्य रोग) झालेल्या पानांची छायाचित्रे असलेला, आपणांस आलेला ई-मेल उघडल्यावर केवळ रिकाम्या चौकटी दिसत असतील, तर तो मोबाइलचा बिघाड असेलच असे नाही; चित्र उघडताच पाठविणाऱ्यास त्याची खबर लागू नये म्हणून मेलसेवाच पुष्कळदा ती अडवून ठेवते. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘इमेजेस’ येथे बाह्य (मेलला न जोडता इंटरनेटवरून येणारी) चित्रे नेहमी दाखविण्याचा पर्याय निवडावा. स्पॅममध्ये (नको असलेल्या मेलच्या कप्प्यात) पडलेल्या मेलमधील चित्रे मात्र, तो ‘स्पॅम नाही’ असे नोंदविल्याशिवाय दिसत नाहीत. अनोळखी मेल उघडू नयेत, म्हणजे त्यांतील चित्रेही उघडणार नाहीत. बांधावर रेंजची एकच दांडी असल्यास आधी घरी येऊन पाहावे. बऱ्याच तक्रारी तेवढ्यानेच मिटतात, असा अनुभव आहे.