वस्ताद, पंप उतरवण्याआधी थांबवलंत त्याबद्दल आभार

आदरणीय वस्ताद,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात पिकअप चालवणारे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहितोय. कुणी मार्केट यार्डातून कांदा भरतो, कुणी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे. गाड्या वेगवेगळ्या आहेत, पण तक्रार सगळ्यांची एकच असायची: रिकामी गाडी पळते, माल भरला आणि तुळजापूरचा घाट लागला की दम सोडते, चेक लाइट पेटते आणि स्कॅनरवर पी००८७ येतो. या कोडचा अर्थ रेलमधलं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतलं, प्रेशर हवं तेवढं भरत नाही, एवढाच. रेलमध्ये दाबाने डिझेल भरणारा पंप गेला असं तो कोड कुठेही म्हणत नाही. तरी बाजारात पहिला सल्ला मिळतो तो पंप उतरवायचा, आणि दुसरा चारही इंजेक्टर काढायचा. तुम्ही आम्हाला उलट्या टोकाकडून, म्हणजे टाकीपासून बघायला शिकवलंत. आभार आहेत ते त्या क्रमाचे. तो इथे लिहूनही ठेवतोय, म्हणजे नव्या पोरांच्या कामी येईल.

स्कॅनर लावला की नुसता कोड वाचून काढायचा नाही, दोन आकडे शेजारी ठेवून बघायचे: ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष मिळालेलं. मागणी वर चाललीय आणि प्रत्यक्ष आकडा मागे रेंगाळतोय, तर गोष्ट डिझेलची. दोन्ही आकडे बरोबरीने खाली येत असतील, तर ईसीयूच आवरतं घेतोय. मग टर्बोचा होज, इंटरकूलर, हवेचा सेन्सर बघा, डिझेलच्या लाइनला हात लावू नका. एवढ्या एका गोष्टीने कितीतरी पंप वाचतात.

त्याच जागी रेलचं प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरचीही परीक्षा होते. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं आणि नुसती चावी ऑन करायची. रेलमध्ये आता काही उरलेलं नसतं, म्हणून आकडा शून्याच्या आसपास आणि सिग्नल वायरवर साधारण ०.५ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन थंड पडलंय आणि सेन्सर ४०-५० बार सांगतोय, तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय.

गाडी सुरूच होत नसेल तर सेल मारताना रेलचा आकडा बघायचा. बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत तो २०० ते २५० बारपर्यंत चढल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. सायलेन्सरमधून धुराचा पत्ता नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोचलेलंच नाही. आणि सेल एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही. कोरड्या पंपात घासाघीस होते, कारण पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच.

तुमचा वेळेचा प्रश्न आम्हाला आधी विचित्र वाटायचा: "त्रास सकाळी की दुपारी?" आता त्यातली गोम कळते. सकाळी पहिल्यांदा सुरू व्हायला त्रास आणि मग दिवसभर ठणठणीत, तर रात्रीतून हवा शिरून लाइनमधलं डिझेल टाकीत परत उतरतंय. सकाळी पटकन सुरू आणि एप्रिल-मेच्या उन्हात गरम झाल्यावर हट्ट करते, तर संशय इंजेक्टरच्या रिटर्नवर, म्हणजे इंजेक्टरमधून निसटून परत जाणाऱ्या डिझेलवर, किंवा पंपाच्या झिजेवर. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतून जास्त निसटतं.

आता टाकी. झाकणाचा श्वास बंद झाला असेल तर टाकीत व्हॅक्यूम धरतो. गाडी दमली की लगेच झाकण उघडायचं. आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी पुन्हा पळायला लागली, तर खर्च फक्त झाकणाचा. टाकीतली जाळी हा आपल्या गावाचा खास रोग म्हणायचा. इथे लूमची चिंधी स्वस्त, म्हणून गॅरेजात फनेल पुसायला तीच आणि डिझेलच्या कॅनच्या तोंडाला बोळाही तिचाच. तिचे धागे आत जातात आणि जाळीवर फेल्टसारखे बसतात. गाडी उभी राहिली की थोडे सुटतात, चालली की पुन्हा चिकटतात. म्हणून दुखणं येऊन-जाऊन असतं आणि गॅरेजात उभ्या गाडीत सापडत नाही.

फिल्टरचं थोडक्यात. खालचा ड्रेन स्क्रू सोडून पाणी काचेच्या बाटलीत घ्यायचं आणि दहा मिनिटं स्थिर ठेवायचं. पाणी तळाला वेगळं दिसतं. नवा फिल्टर बसवताना मधल्या भोकातून डिझेल ओतायचं नाही. ती स्वच्छ बाजू आहे, तिथून ओतलेलं न गाळता थेट पंपात जातं. हँड प्रायमर, म्हणजे लाइनमध्ये हाताने डिझेल भरायचा छोटा पंप, घट्ट होईपर्यंत दाबायचा. कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल तर कुठेतरी हवा शिरतेय याची तीच खूण.

सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती तुमची पारदर्शक नळी. ज्या गाड्यांत पंप स्वतः टाकीतून डिझेल ओढतो, त्यांत फिल्टर ते पंप ही लाइन दाबाखाली नसते, ओढीखाली असते. त्यामुळे तिथली चीर बाहेर थेंब टाकत नाही, आत हवा घेते. शहाळ्याची नळी वर चिरली की पाणी सांडत नाही, नुसती हवा तोंडात येते, तसंच. जमिनीवर डाग नाही म्हणून गळती नाही असं मानणारे इथेच फसतात. पंपाच्या आधी फूटभर पारदर्शक डिझेल होज क्लिप लावून बसवायची आणि इंजिन चालू करून बघायचं. फिल्टर बदलल्यावर पहिली काही मिनिटं बारीक बुडबुडे येतात, ते चालतात. सलग माळ आली तर नळी एकेक टप्पा मागे न्यायची: फिल्टरच्या अलीकडे, मग टाकीजवळ. जिथे बुडबुडे थांबले, त्याच्या पुढच्या, पंपाकडच्या जोडात हवा शिरतेय. बहुतेक वेळा तो उन्हाने कडक झालेला रबर होज असतो, दोनदा वापरलेला कॉपर वॉशर असतो, नाहीतर फिल्टर हाउसिंगची ओ-रिंग.

पण बुडबुडे दिसले म्हणजे हवाच असंही नाही, हे तुमच्याशिवाय कुणी सांगितलं नव्हतं. लाइन तुंबली असेल तरी जोरात ओढल्यावर डिझेलमधूनच बुडबुडे सुटतात. फरक सांगतो व्हॅक्यूम गेज. टी जोड लावून पंपाच्या आधी बसवायचा. बुडबुडे आहेत आणि व्हॅक्यूम कमी, तर हवा शिरतेय. बुडबुडे आहेत आणि व्हॅक्यूम जास्त, तर मागे टाकीच्या बाजूला काहीतरी तुंबलंय. ओढणाऱ्या पद्धतीत ०.१ ते ०.२ बार व्हॅक्यूम सहसा ठीक. तो ०.३ च्या पुढे, म्हणजे गेजवर ९-१० इंचांकडे गेला, की फिल्टर, जाळी किंवा दबलेला पाइप. नेमकी मर्यादा मात्र त्या-त्या गाडीच्या मॅन्युअलचीच धरायची. आणि हा आकडा आयडलवर बघून उपयोग नाही, इंजिन चढवून बघायचा. पण गेज बघायला म्हणून डिझेलचा होज केबिनमध्ये कधीच आणायचा नाही.

ज्यांच्या टाकीत इलेक्ट्रिक पंप आहे, तिथे व्हॅक्यूम नसतो, दाब असतो. तो मॅन्युअलच्या आकड्याशी जुळवायचा. चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. मल्टिमीटर पंप चालू असताना लावायचा. कनेक्टर काढून मोजलं तर कुजलेली वायरही १२ व्होल्ट दाखवते, आणि पंपाला करंट द्यायची वेळ आली की कोलमडते. अर्थच्या वायरच्या बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर अर्थचा जोड घासून नवा करायचा, पंप नवा नाही.

हे सगळं निर्दोष निघालं तरच हाय प्रेशरकडे. चार इंजेक्टरच्या रिटर्नला चार सारख्या बाटल्या, गरम इंजिन, एक मिनिट आयडल. तीन बाटल्या सारख्या आणि चौथी दुप्पट भरली, तर गिऱ्हाईक सापडलं. चारही सारख्याच पण भरपूर भरल्या तर मॅन्युअलच्या मापाशी ताडून बघायचं. रेलमधला जादा दाब सोडणाऱ्या प्रेशर लिमिटिंग व्हॉल्व्हची रिटर्न नळी सोडून बघायची, ती कोरडी हवी. पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह काढला आणि जाळीवर चंदेरी चूर दिसला, तर नुसता पंप बदलून भागत नाही. रेल, पाइप, इंजेक्टर, टाकी सगळं धुवावं लागतं, नाहीतर नवा पंप त्याच चुऱ्यात बसतो. असा खर्च डोक्यावर येण्याआधी बाकीचं तपासून झालेलं असावं, हा तुमचा आग्रह बरोबरच होता.

पोरांना तुम्ही ज्यावरून खरोखर रागावता, तेही लिहायलाच हवं. चालू इंजिनवर हाय प्रेशरचा नट सैल करून हवा काढायची जुनी सवय कॉमन रेलला चालत नाही. या पाइपांत १६०० बारपर्यंत दाब असतो. त्याची बारीक धार कातडी भेदून आत जाते. वर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत बोट सडतं. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा, हात नाही. धार लागलीच तर दुखत नसलं तरी ताबडतोब मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना सांगायचं की डिझेल दाबाने आत गेलंय.

तुमच्याकडून उसनी घेतलेली पारदर्शक नळी, टी जोड आणि व्हॅक्यूम गेज परत करतोय. तसाच एक संच आम्ही वर्गणी काढून घेतलाय. तो यार्डाच्या गेटाजवळच्या चहाच्या टपरीवर ठेवलाय, ज्याला लागेल त्याने न्यावा, वापरून झाल्यावर डिझेलने धुऊन, तोंडं टेपने बंद करून परत आणावा. रिटर्नच्या बाटल्यांना जोडायच्या नळ्या मात्र दोन मापांच्या लागतात असं तुम्ही म्हणाला होतात. ती मापं जाता-येता सांगून ठेवा, म्हणजे पुढच्या आठवड्यात त्याही आणतो.

आपले,
सोलापूरचे पिकअप चालक-मालक