नाव कुणाला लागतं?

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. जवळजवळ सगळं पत्र अनघाच्या प्रवेशाबद्दल आहे आणि शेवटी दोन-चार ओळी तुझ्या त्या विद्यार्थ्याबद्दल, गणेशबद्दल. त्या ओळी तू सहज लिहिल्या असशील, पण मी अडकलो तिथंच.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं. अनघाला नावाजलेल्या विद्यापीठात जागा मिळाली आहे. तिला स्वतःला मात्र दुसऱ्या, फारसं कुणी ऐकलेलं नाही अशा विद्यापीठातला जीवशास्त्राचा विभाग आवडला आहे. तिथं पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळेत काम करायला देतात म्हणे. तू अडून बसला आहेस की एवढं मोठं नाव हातचं जाऊ द्यायचं नाही. आणि गणेश, ज्याच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही, त्यालाही तसंच मोठं नाव मिळालंय, अर्थशास्त्राला, वर शिष्यवृत्तीसुद्धा. त्याला तू सांगितलंस, ‘तिथल्या पोरांत तुझा निभाव लागायचा नाही, जवळचं साधं कॉलेज बघ, शेवटी डिग्री ती डिग्री.’

श्रीधर, दोन्ही सल्ले चांगले आहेत. फक्त चुकीच्या पत्त्यावर गेलेत. अदलाबदल कर.

रागावू नकोस, आधी पूर्ण वाच. नामांकित विद्यापीठातली मुलं पुढे जास्त कमावतात, मोठ्या जागांवर बसतात, हे तर दिसतंच. पण त्यात विद्यापीठाचा वाटा किती, हे काढणं अवघड. वर्गातली सगळ्यात उंच मुलं निवडून घ्यायची आणि चार वर्षांनी म्हणायचं, बघा, आमच्या व्यायामानं ही केवढी उंच झाली! स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्ये यावर एक फार हुशार तोड काढली. त्यांनी अशी मुलं शोधली, ज्यांनी सारख्याच दर्जाच्या कॉलेजांना अर्ज केले होते आणि ज्यांना सारखेच होकार-नकार आले होते. मग त्यातली काही नामांकित ठिकाणी गेली, काही त्यापेक्षा कमी नावाच्या ठिकाणी. ही मुलं 1976 साली कॉलेजात शिरलेली, म्हणजे पुढची कमाई बघायला भरपूर काळ हाताशी होता. निघालं काय, तर दोघांच्या कमाईत म्हणण्यासारखा फरक नाही. पोरात धमक होती, मोठ्या ठिकाणी अर्ज करायची हिंमत होती, ती कुठेही गेली तरी सोबत गेली.

एवढंच असतं तर गणेशला तू दिलेला सल्लाही बरोबर ठरला असता. पण त्याच अभ्यासात एक अपवाद आहे, आणि माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे. गरीब घरातल्या मुलांना नामांकित कॉलेजचा फायदा झाला. पुढे याच दोघांनी नंतरच्या पिढीची माहितीही घेऊन हे पुन्हा तपासलं, तेव्हाही सरसकट मुलांसाठी फरक जवळपास शून्य, आणि ज्यांचे आईबाप कमी शिकलेले, त्यांच्यासाठी तो ठळक. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक वंशाच्या, मुलांबाबतही तसंच.

हे असं का, याची मला पटणारी कारणमीमांसा साधी आहे. विद्यापीठाचं नाव ज्या गोष्टी देतं, त्यातल्या बऱ्याचशा अनघाला घरातच मिळालेल्या आहेत. कुठे कोणती संधी आहे हे तिला जेवणाच्या टेबलावर कळतं. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत साहेबाच्या डोळ्यांत बघून कसं बोलायचं, नकार आला तर पुन्हा कुणाला विचारायचं, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. वहिनींच्या ओळखी आहेत, तुझे जुने विद्यार्थी कुठे कुठे आहेत, झालंच तर मी आहे. गणेशकडे यातलं काय आहे? त्याच्या अर्जावर त्याच्यासाठी बोलणारी एकच ओळ असणार, आणि ती म्हणजे विद्यापीठाचं नाव. तीच तू खोडायला निघालास.

मी इतकी वर्षं उमेदवार निवडायच्या खोलीत बसतो, त्यामुळे त्या ओळीचं काय होतं हे मला माहीत आहे. अर्जांचा ढीग असतो आणि वेळ नसतो. पहिली चाळणी नावावर लागते. कुणी उघड म्हणत नाही, पण नामांकित ठिकाणचा अर्ज वाचला जातो आणि दुसरा चाळला जातो. मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञानं 1973 मध्येच हे मांडलं होतं: मालकाला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही, म्हणून तो शिक्षणाकडे एक खूण म्हणून बघतो. त्या धर्तीच्या कामासाठी त्यांना 2001 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. खुणेची गंमत अशी की ती लागते ती अनोळखी माणसाला. ओळखीच्याला खूण कशाला? आणि एकदा दोन-तीन वर्षं काम केलं की मग समोरचा विचारतो, ‘आधी काय काम केलंस?’ पदवी कुठली, हे अर्जाच्या तळाशी सरकतं. निदान आमच्या धंद्यात तरी.

‘आमच्या धंद्यात’ म्हटलं, कारण सगळीकडे असं नाही. काही दारं अशी आहेत की तिथं नावाशिवाय कडीही वाजवता येत नाही. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांचा 2023 चा अभ्यास बघ. त्यांनी अमेरिकेतली सर्वांत नामांकित बारा विद्यापीठं घेतली, आणि प्रतीक्षा यादीतून ज्यांना शेवटी जागा मिळाली नि ज्यांची थोडक्यात हुकली, अशांची तुलना केली. सरासरी कमाईत इथेही फारसा फरक नाही. पण अगदी वरच्या एक टक्का कमावणाऱ्यांत पोचण्याची शक्यता सुमारे निम्म्यानं वाढते आणि प्रतिष्ठित संस्थांत काम मिळण्याची शक्यता जवळपास तिप्पट होते. त्या बारा विद्यापीठांत अमेरिकेतली अर्धा टक्का माणसंही शिकत नाहीत, आणि गेल्या पन्नास वर्षांत तिथल्या सर्वोच्च न्यायालयावर नेमलेल्या न्यायाधीशांपैकी तीन चतुर्थांश तिथूनच आलेले! म्हणजे बहुतेकांच्या पोटापाण्याला नाव फारसं लागत नाही, सत्तेच्या खुर्चीला मात्र लागतं. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. मला तर ते चीड आणणारं वाटतं. त्याच अभ्यासात हेही आहे की प्रवेश परीक्षेत सारखेच गुण असलेल्या मध्यमवर्गीय मुलांपेक्षा सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं तिथं पोचण्याची शक्यता दुपटीहून जास्त असते. पण गणेशसमोर आज दार उघडं आहे, आणि व्यवस्था अन्यायाची आहे म्हणून त्यानं बाहेर थांबावं, हे काही मला पटत नाही.

आता तुझ्या बाजूनं एक गोष्ट सांगतो, नाहीतर म्हणशील मी सोयीचं तेवढंच काढलं. सेथ झिमरमन या अर्थतज्ज्ञानं दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित पदवी अभ्यासक्रमांचा अभ्यास केला. तिथं प्रवेश मिळाल्यानं मोठ्या कंपन्यांच्या वरच्या जागा मिळण्याची शक्यता खूप वाढली, पण फक्त महागड्या खासगी शाळांतून आलेल्या मुलग्यांची. साध्या शाळांतल्या मुलग्यांना तो फायदा नाही, मुलींना तर नाहीच. नाव सगळ्यांना सारखं मिळालं, ओळखीपाळखी मात्र आधीच्याच गोतावळ्यात राहिल्या. म्हणून गणेशबद्दलची तुझी धास्ती मी उडवून लावत नाही. तो तिथं चार वर्षं खोलीत बसून पुस्तकं पाठ करणार असेल, तर निम्मं नाव वाया. त्याला सांगायचंच असेल तर हे सांग: प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन प्रश्न विचार, गटात काम कर, वरच्या वर्गातल्या मुलांना गाठ, लाज वाटली तरी. ‘झेपायचं नाही’ हे सांगू नकोस. तू त्याचा आवडता शिक्षक आहेस, तुझं एक वाक्य तो किती वर्षं डोक्यात वागवेल याचा तुला अंदाज नसेल.

अनघाकडे वळतो. तिला संशोधनात जायचंय ना? मग तू म्हणशील, संशोधनात तर नावाला सर्वांत जास्त महत्त्व! खरंय. 2022 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात अमेरिकी प्राध्यापकांच्या नेमणुकांचा एक अभ्यास आला. तिथंच पीएचडी केलेल्या प्राध्यापकांपैकी ऐंशी टक्के लोक जेमतेम वीस टक्के विद्यापीठांतून आलेले. आठातला एक तर फक्त पाच विद्यापीठांतला. इतकी जातीसारखी उतरंड दुसऱ्या कुठल्या पेशात असेल की नाही, शंका आहे. पण नीट बघ, हा हिशेब पीएचडीचा आहे, पहिल्या पदवीचा नाही. नावाची गरज तिला पुढे लागेल. आणि पुढच्या त्या प्रवेशाला काय लागतं? स्वतःच्या हातानं केलेलं काम, आणि तिला खरोखर ओळखणाऱ्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र. तीनशे मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलीला असं पत्र कोण देणार? कोरोनावरच्या एमआरएनए लशींमागच्या कामासाठी 2023 चं नोबेल मिळालेल्या कातालिन कारिको हंगेरीतल्या सेगेड विद्यापीठात शिकल्या. क्रमवारीच्या पहिल्या पानावर ते नाव शोधून सापडायचं नाही. एका उदाहरणानं काही सिद्ध होत नाही, मान्य. तुझा रक्तदाब जरा खाली यावा म्हणून सांगितलं.

शिवाय हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञानं 1980 च्या दशकापासून दाखवलंय की सारख्याच कुवतीची मुलं, अतिहुशारांच्या घोळक्यात टाकली की स्वतःला कमी समजायला लागतात. आपल्याकडे वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, त्याची ही उलटी बाजू. हे गणेशलाही लागू आहे, हे तू लगेच म्हणशील. आहेच. फरक इतकाच की गणेशला त्या त्रासाचा मोबदला मिळतो, अनघाला तो फुकटचा.

तू पत्रात क्रमवारीचे आकडे दिलेस, त्यावर थोडं. हे आकडे कशाचे असतात, कधी पाहिलंस? जगातल्या विद्यापीठांची शांघायची यादी 2003 पासून निघते. तिच्यात तीस टक्के गुण विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांना नि प्राध्यापकांना मिळालेल्या नोबेल आणि (गणितातल्या) फील्ड्स पदकांचे. क्यूएस या ब्रिटिश कंपनीच्या यादीत कित्येक वर्षं चाळीस टक्के गुण ‘इतर विद्वानांचं तुमच्याबद्दल मत काय’ याला होते. अलीकडे ते तीसवर आणलेत. पहिल्या वर्षाच्या पोरीला पेशीविभाजन कोण आणि कसं शिकवतं, याचा यात कुठे संबंध? आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची गोष्ट तर भारीच. 2022 मध्ये तिथल्याच मायकेल थॅडियस या गणिताच्या प्राध्यापकानं दाखवून दिलं की विद्यापीठानं अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध यादीला पुरवलेले आकडे खरे धरता येत नाहीत. त्याच वर्षी कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर घसरलं. वर्ग तेच, शिक्षक तेच, ग्रंथालय तेच. मुलांच्या शिक्षणात त्या सोळा पायऱ्यांनी काय कमी झालं, सांग बघू.

त्यापेक्षा 2014 मध्ये गॅलप ही जनमत चाचणी घेणारी संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी तीस हजारांहून अधिक अमेरिकी पदवीधरांना विचारलं ते मला कामाचं वाटतं. कामात मन लागतं का, आयुष्य बरं चाललंय का, याचा संबंध कॉलेजच्या नावाशी जवळजवळ लागला नाही. संबंध लागला तो आपली काळजी करणारा, विषयाची गोडी लावणारा, पाठीवर हात ठेवणारा शिक्षक भेटला का, याच्याशी. तिन्ही गोष्टी मिळाल्या असं ठामपणे म्हणणारे फक्त चौदा टक्के. लोकांनी आठवून दिलेली उत्तरं आहेत, म्हणून मी त्याला तोळाभर कमी वजन देतो. पण अनघा ज्या विभागाबद्दल इतकं भरभरून बोलते, तो तिला त्या चौदा टक्क्यांत नेईलसं दिसतंय.

राहता राहिलं तुझं खरं कारण, जे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. ‘मुलगी कुठे शिकते?’ असं कुणी विचारलं की एका शब्दात उत्तर देता यावं आणि समोरच्याच्या भुवया वर जाव्यात. मित्रा, ही हौस वाईट नाही, मलाही आहे. पण ती हौस तुझी आहे, आणि चार वर्षं जायची तिची आहेत.

आता कामाचं. होकार कळवायची मुदत पंधरवड्यानं आहे ना? तोवर अनघाला त्या विभागातल्या तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांशी बोलायला सांग. पहिल्या वर्षाला स्वतः प्राध्यापक शिकवतात की पीएचडीची मुलं? प्रयोगशाळेत जागा खरंच सगळ्यांना मिळते की फक्त माहितीपत्रकातल्या फोटोपुरती? मागच्या काही वर्षांतली मुलं पुढे कुठे गेली? उत्तरं गुळमुळीत आली तर मी माझं सगळं म्हणणं मागे घेईन आणि तू खुशाल मोठं नाव घे.

गणेशच्या शिष्यवृत्तीची अट मात्र तू स्वतः वाच. ती पहिल्याच वर्षापुरती आहे की शेवटपर्यंत, आणि गुण घसरले तर काढून घेतात का? एखादं सत्र अवघड गेलं म्हणून शिष्यवृत्ती जाणार असेल आणि उरलेली वर्षं कर्ज काढून शिकावं लागणार असेल, तर हिशेब पुन्हा मांडायला हवा. कागद मला पाठव, मीही बघतो. आणि त्याला या रविवारी मला फोन करायला सांग. मुलाखतीची तयारी वगैरे नाही, नुसतंच बोलू.

वहिनींना नमस्कार, अनघाला आशीर्वाद.

तुझा,
माधव