पोराच्या गाडीला नवी नळी

प्रिय बाळ्या,

पाडव्याला तू एवढा लांबलचक मेसेज पाठवलास आणि मी उत्तरादाखल नुसता गुढीचा फोटो टाकला, तोही शेजाऱ्यांच्या गुढीचा. त्याबद्दल काय शिव्या द्यायच्या त्या मनात देऊन टाक. तब्येत बरी आहे, साखर आटोक्यात, गुडघा होता तसाच. हिची पण बरी. झालं.

आता खरं कारण. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "मी तेव्हाच म्हणालो होतो" असं सुरू करतोस आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहते. पत्रात तुला मधे तोंड घालता येणार नाही. तर ऐक. पोरानं गाडीला कोल्ड एअर इनटेक बसवलाय, म्हणजे इंजिनाला थंड हवा ओढून देणारी मोकळी नळी आणि उघडा फिल्टर. तोही टर्बोच्या गाडीला, जी हवा आधीच दाबून इंजिनात भरते. आणि मी बोनेटखाली टॉर्च धरून उभा होतो.

हिला सांगितलं तर ती म्हणाली, "नळीच बदलली ना? मग?" ऑफिसात सांगण्यासारखं कुणी नाही. इथं कॅलिफोर्नियात आपले लोक गाडीबद्दल बोलतात ते बॅटरीची रेंज आणि लीजचा हप्ता. म्हटलं, फिल्टर काढलेल्या इंजिनाचा आवाज ज्याच्या कानात अजून आहे असा एकच माणूस शिल्लक आहे आणि तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवतो.

गाडी सुबारू डब्ल्यूआरएक्स, २०१७ ची, सेकंडहँड. दोन लिटरचं आडवं बॉक्सर इंजिन, २६८ हॉर्सपॉवर. आपल्या आरएक्स १०० बाइकला ११ होते आणि त्या ११ मध्ये आपण तिघं जोतिबाला जाऊन यायचो, हे त्याला सांगितलं तर त्याला वाटतं बाबा फेकतायत. या गाडीच्या बोनेटवर एक मोठं भोक आहे. बघणाऱ्याला वाटतं इंजिन तिथूनच हवा ओढतं. तसं नाही. त्याच्या खाली इंटरकूलर आहे, टर्बोनं तापवलेली हवा गार करणारा, त्याच्यावर वारा पडावा म्हणून ते भोक. इंजिनाची हवा येते पुढच्या जाळीमागून, मग फिल्टरची पेटी, मग नळीतून टर्बोला.

पोराचं म्हणणं साधं. थंड हवा दाट असते, दाट हवेत ऑक्सिजन जास्त, जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त ताकद. आपणही विशीत हेच म्हणत होतो, आणि साध्या इंजिनाला ते लागूही पडतं. पण टर्बो हवा दाबतो, आणि दाबली की हवा तापते. मी कागदावर गणित मांडून दाखवलं. बाहेर ३० अंश धर. दुप्पट दाब केला आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा टर्बोतून साधारण १२५ अंशाला बाहेर पडते. आता पेटी गरम होऊन तीच हवा ४० अंशाने आत आली असं समज, तर टर्बोपुढं १३८ च्या आसपास. म्हणजे फरक १३-१४ अंशांचा. पण पुढे इंटरकूलर बसलाय, तो त्यातला बहुतेक भाग खाऊन टाकतो, आणि इंजिनापर्यंत पोचेतो फरक उरतो चारेक अंशांचा. त्यात कंपनीची पेटी आधीच जाळीमागची थंड हवा घेते. म्हणजे ज्या दहा अंशांसाठी हा सगळा खटाटोप, ते दहा अंशसुद्धा बऱ्याच वेळा नसतातच.

त्याच्यावर कॉम्प्युटर. किती बूस्ट द्यायचा, म्हणजे टर्बोनं हवा किती दाबायची, ते त्याचं ठरलेलं असतं. नवी नळी मोकळी असेल तर टर्बोला ओढायला कमी कष्ट पडतात, हा खरा फायदा. पण ट्यून, म्हणजे कॉम्प्युटरातलं सेटिंग, जुनाच असेल तर कॉम्प्युटर वेस्टगेट (टर्बोचा जोर कमी करणारी झडप) थोडं जास्त उघडतो आणि गाडी परत ठरलेल्या जागेवर. मग या नळीनं मिळतं काय?

आवाज मिळतो, बाळ्या.

काय सांगू तुला. कंपनीच्या पेटीत तो आवाज मुद्दाम मारलेला असतो. आता तिसऱ्या गिअरला पाय दाबला की पुढच्या चाकाजवळून एक मोठा श्वास ओढल्यासारखा आवाज चढत जातो, आणि पाय उचलला की बायपास व्हॉल्व उघडून फुस्स. ती हवा परत नळीतच जाते, पण उघड्या फिल्टरमधून तिचा आवाज बाहेर येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा पोरानं माझ्याकडे बघितलं आणि मी खिडकीबाहेर. मला हसू आवरत नव्हतं आणि ते त्याला दिसलं असतं तर माझं सगळं गणित वाया गेलं असतं.

बसवायला अर्धी दुपार गेली. बॅटरीची निगेटिव्ह काढली, पेटीचे बोल्ट काढले, सगळे दहाचे. दहाचं सॉकेट नेहमीप्रमाणे इंजिनात कुठंतरी पडलं आणि चुंबकाच्या काठीनं शोधून काढलं. (अण्णा मिस्त्रीच्या गॅरेजात पण दहाचाच पाना कधी सापडायचा नाही, आणि आळ माझ्यावर.) फिल्टर खाली मडगार्डच्या आत जातो, त्यासाठी चाकावरचं प्लॅस्टिक सोडवावं लागतं, आणि त्याच्या क्लिपा तुटण्यासाठीच बनवलेल्या असतात. नळीला बायपासचा होस जोडायचा, क्रँककेसचा होस जोडायचा, आणि जुन्या पेटीवरचा मास एअरफ्लो सेन्सर काढून नव्या नळीवर बसवायचा. दोन बारके स्क्रू, एक रबरी रिंग, आणि त्यावर बाण असतो हवेच्या दिशेचा.

हा सेन्सरच माझ्या डोक्याचा ताप आहे.

त्यात एक तापवलेली तार असते. हवा तिला गार करते, तिला तापती ठेवायला वीज किती लागली त्यावरून कॉम्प्युटर हवा मोजतो. पण तार नळीत एकाच जागी. बाकीच्या नळीचं गणित कारखान्यात घातलेलं असतं: एवढ्या व्यासाची नळी, म्हणून एवढ्या व्होल्टला एवढी हवा. आता पंचगंगेचं बघ, घाटापाशी पात्र पसरलं की पाणी संथ होतं, पण पाणी तेवढंच असतं. नळी समज ७० मिलिमीटरची ७६ ची झाली, तर क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढलं. हवा तेवढीच, पण तारेजवळून हळू जाणार. कॉम्प्युटरला वाटणार हवा कमी आली, तो पेट्रोल कमी सोडणार. मिक्श्चर लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. वर त्याला वाटणार इंजिनावर भारही कमी आहे, म्हणून ठिणगीही लवकर टाकणार. लीन आणि लवकर, दोन्ही एकदम. पुढचं तुला सांगायला नको.

आता हसू नकोस. पन्हाळ्याच्या चढावर आरएक्सचं काय झालं ते तुलाही आठवतंय, मलाही. फिल्टर काढला, हवा वाढली, पण कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट तोच राहिला. प्लग काढला तेव्हा खडूसारखा पांढरा होता. पिस्टन धरला आणि मागचं चाक लॉक. मोठा जेट टाकायचं काम तुझ्याकडे होतं, असं मी आजही म्हणतो. तू म्हणतोस जेट आणायचे पैसे माझ्याकडे होते. पैसे होते, कबूल, पण दुकान तुझ्या घरासमोर होतं. हा खटला अजून निकाली निघालेला नाही आणि या पत्रात काढायचाही नाही.

तर मी पोराकडून रीडिंग घेतले. त्याच्या मित्राकडे एक यंत्र आहे, ते गाडीला जोडलं की फ्यूएल ट्रिम दिसतो, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय किंवा कापतोय ते. आधी एक-दोन टक्के इकडेतिकडे असायचा. आता आयडलला तीन, हायवेला नऊ, जोरात पळवली की अकरा. सगळे अधिक. आधी वाटलं कुठंतरी हवा लीक आहे. हिच्या देवघरातली उदबत्ती आणून सगळ्या जोडांपाशी धूर ओढला जातो का बघितलं. ही दारात येऊन म्हणाली, "इंजिनाची आरती चाललीय का?" धूर कुठंच ओढला गेला नाही. आणि लीक असती तर आयडलला आकडा मोठा दिसून वेग वाढला की कमी व्हायला हवा होता. इथं उलट आहे. हवा वाढते तसा आकडा वाढतो. म्हणजे नळीच मोठी. नवा हवेचा फिल्टर तेल लावलेला आहे, जास्त तेल तारेवर बसलं असेल म्हणून सेन्सर त्याच्या स्प्रेनं धुऊन पण बघितला. काही फरक नाही.

पोरगं म्हणतं, "बाबा, तो करेक्ट करतोय ना, मग प्रॉब्लेम काय?" करतोय. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून दुरुस्ती करतो. पण पूर्ण पाय दाबला की तो त्या क्षणाला बघत बसत नाही, आधी शिकलेलं आणि सेन्सर सांगेल ते, यावर भरवसा ठेवतो. आणि सुबारूच्या कॉम्प्युटरात एक आकडा असतो, त्याला डॅम म्हणतात. तो एक असला की कॉम्प्युटर निश्चिंत. इंजिनात ठोका, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याचा आवाज, ऐकू आला की तो खाली आणतो आणि ठिणगी मागे ओढतो. आमचा एकच्या खाली आलाय. थोडाच. पण जुन्या पेटीवर कधी आला नव्हता.

आणि शुक्रवारी हा गाडी घेऊन लॉस एंजेलिसला निघालाय, उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी. वाटेत ग्रेपव्हाइन नावाचा घाट आहे. सपाट खोऱ्यातून रस्ता एकदम वर चढतो, माथा साडेबाराशे मीटरच्या वर. जूनमधलं तिथलं ऊन, एसी चालू, मागं सगळं बिऱ्हाड, आणि टाकीत ९१ ऑक्टेनचं पेट्रोल (आकडा जितका मोठा, तितका ठोका कमी), कारण कॅलिफोर्नियातल्या पंपावर त्याच्या वरचं सहसा मिळतच नाही. टर्बोला सलग भार द्यायचा तर याच्याहून वाईट जागा नाही. ठोका बसत राहिला तर आधी पिस्टनच्या रिंगांमधली कड जाते. आरएक्सचा पिस्टन आपण ओव्हरसाइज टाकून, सिलिंडर बोअर करून घेतला होता, तुझ्याच आबांच्या लेथशेजारी बसून. इथं इंजिन उतरवायचं बिल ऐकलं तर तू माझ्यापायी दुकान विकायला काढशील.

मी म्हटलं, जुनी पेटी परत लाव, अर्ध्या दुपारचं काम. तो म्हणतो ट्यून करून घेतो, ऑनलाइन फाइल मिळते. मी विचारलं, ती याच नळीसाठी आहे का? त्यावर "ऑलमोस्ट सेम" असं उत्तर. बाळ्या, ऑलमोस्ट सेम जेट!

कायद्याची गोष्ट वेगळीच. कॅलिफोर्नियात अशा नळीला राज्याच्या एअर बोर्डाचा ईओ नंबर, म्हणजे परवानगीचा नंबर लागतो, त्याचं स्टिकर बोनेटखाली दिसलं पाहिजे. तशी नळी मिळते, महाग असते. यानं घेतली त्याला नंबर नाही. गाडी आठ वर्षांची झाली की दर दोन वर्षांनी स्मॉग चेक, म्हणजे धुराची तपासणी, आणि तिथला माणूस आधी डोळ्यांनीच बघतो. धूर स्वच्छ असला तरी नापास. पोराकडे उत्तर तयार: त्या दिवसापुरती पेटी लावायची. म्हणजे पेटी लावता येते, फक्त माझ्या सांगण्यावरून नाही.

आणि तो फिल्टर जमिनीपासून एवढासा वर. पाण्यात गेला तर पाणीच ओढणार. २०१९ च्या पुरात व्हीनस कॉर्नरला तुझ्या गाडीनं पाणी पिऊन रॉड वाकवला होता, तो फोटो मी त्याला दाखवला. म्हणाला, "काकांनी स्टार्ट का मारला?" मी म्हटलं, हे त्यांनाच विचार.

खरं सांगू, मी बापाच्या आवाजात ठामपणे "काढ" म्हणू शकलो असतो. पण तो आवाज मी ऐकलाय आणि त्यानं मला ऐकताना बघितलंय. परवा दूध आणायला म्हणून मी ती गाडी घेऊन गेलो. दुकान कोपऱ्यावर आहे, मी हायवेला जाऊन आलो. त्यानंतर कुठल्या तोंडानं बोलू?

म्हणून तुला काम. शुक्रवारच्या आत त्याला व्हॉइस नोट पाठव. माझं गणित सांगू नकोस, ते त्याला पाठ झालंय. पांढऱ्या प्लगची गोष्ट सांग, चाक लॉक झालं तेव्हा आपण दोघं कुठं जाऊन पडलो ते सांग, हवं तर जेटचा दोष माझ्यावर घाल, एवढ्यापुरती मुभा. तुझं तो ऐकतो. आता घाटापुरती तरी पेटी लाव, आल्यावर ईओवाली नळी बघू, असं म्हण. पैशाचं मी बघतो, पण हे त्याला आत्ताच सांगू नकोस.

तुझ्या मुलीचं नाशिकचं ठरलं का? कळव. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन पार पडल्याचं गण्याकडून समजलं, तुझ्याकडून नाही. नवीन सीएनसी घेतलंस म्हणे, फोटो पाठव, हप्ता विचारत नाही.

तुझा,
पम्या

ता.क. गण्याचा मेहुणा पुढच्या महिन्यात इकडे येतोय. त्याच्याबरोबर कांदालसूण चटणी दे, पण यावेळी डबा नीट पॅक कर. मागच्या वेळी त्या बिचाऱ्याचे इंटरव्ह्यूचे शर्ट लाल झाले होते आणि त्यानं बिल माझ्याकडे मागितलं.