सूचना : सकाळच्या फिरण्याची वेळ बदलली

सर्व सभासदांना नमस्कार. १ नोव्हेंबरपासून कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर साडेपाचऐवजी सहा वाजता जमायचं आहे. सूर्य आता साडेसहानंतर उगवतो आणि पदपथावर अंधारात पाय मुरगळण्याची भीती वाटते.

ऑक्टोबरचा उकाडा सरला, हे परवा प्रकर्षानं जाणवलं. कट्ट्याचा दगड हाताला गार लागला. पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता, तलावातला दगडी संध्यामठ अर्धाच दिसत होता. इतकं सुंदर दृश्य चुकवू नका, म्हणून कुणी थंडीचं कारण सांगून घरी बसू नये ही कळकळीची विनंती! ज्येष्ठांनी मात्र कानटोपी घालूनच यावं, दम्याचा त्रास असलेल्यांनी ऊन पडल्यावर आलं तरी चालेल.

ऊसतोड सुरू होतेय. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटे रस्त्यावर असतात, मागचा दिवा बऱ्याचदा नसतो. दुचाकीवरून येणाऱ्यांनी फार जपून यावं.

९ ते ११ नोव्हेंबरला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव आहे, म्हणजे मावळत्या सूर्याची किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत येतात तो सोहळा. मावळतीच्या आधी पोहोचायचं, पाचला बिंदू चौकात भेटू. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर पणत्या लावायला जाऊ. तेल आणि वाती घरून आणाव्यात.