बाबांना उचलायला दोन माणसं लागतात

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई रडते, बाबा "बरं" म्हणून फोन ठेवतात आणि मी भलतंच काहीतरी बोलत बसते. म्हणून लिहिते आहे. आई, हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव. मधले परिच्छेद गाळू नकोस. तू गाळतेस, मला माहीत आहे.

खोली ठरवली आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून बाबा शुश्रूषा केंद्रात राहतील. आगाऊ पैसे भरून झाले, दादाचीही सही झाली. आधी विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते "आईला विचार", आणि आई म्हणाली असती "मी आहे ना". तू आहेस, आई, आणि आणखी खूप वर्षं असायला हवी आहेस, म्हणूनच हे ठरवावं लागलं.

तुझ्या पाठीचा एक्स-रे डॉक्टरांनी मला दाखवला. हाडं ठिसूळ झाली आहेत आणि एक मणका पुढच्या बाजूने चेपला आहे. तू कुठे पडली नव्हतीस. पुढे वाकून वजन उचललं तरी ठिसूळ मणका असा चेपतो, आणि तू काय उचलत होतीस ते आपल्याला तिघांनाही ठाऊक आहे. तो भरून यायला दोन-तीन महिने लागतात. शिवाय एक चेपला की दुसरा चेपण्याची भीती वाढते. आता तू म्हणशील, आजींचं नाही का केलं मी. केलंस, मी बघत होते. पण तेव्हा तू चाळिशीत होतीस, आजी हाताला हलक्या होत्या, आणि त्यांच्या शेवटच्या वर्षाबद्दल तू आजही बोलत नाहीस. मीही विचारणार नाही.

बाबा, यात तुमचा काही दोष नाही, दोष त्या पार्किन्सनच्या आजाराचा आहे. तुम्ही ओशाळून आईला हाकच मारत नाही आणि एकटे उठायला जाता, आणि मग तिला तुम्हाला जमिनीवरून उठवावं लागतं. जमिनीवरच्या माणसाला बगलेत हात घालून ओढायचं नसतं, खांदा जातो. कमरेला पट्टा बांधून, दोन बाजूंना दोन माणसं लागतात. आपल्या घरात मध्यरात्री दुसरं माणूस नाही, एवढाच खरा प्रश्न आहे. बाकी सगळ्यावर घरच्या घरी उपाय होता आणि तो आपण केला: भिंतीला दांडे बसवले, डोकं वर होणारी कॉट आणली, कमोडची खुर्ची आणली, गालिचे गुंडाळून ठेवले.

घरी ठेवण्याचा विचार मी केलाच नाही असं वाटून घेऊ नका. दिवसाची बारा तास आणि रात्रीची बारा तास अशा दोन बायका ठेवायच्या, हे आधी ठरवलं होतं. दिवसाची चांगली होती. रात्रीची न सांगता यायची बंद झाली आणि तिची पाळी आपोआप आईकडे आली. दुसरी मिळाली तरी तिसऱ्या आठवड्यात हेच होणार. मी येऊन राहावं हेही झालं. महिनाभर मी प्रेमाने करीन. वर्षभर दिवसा नोकरी आणि रात्री जागरण केलं तर तुमच्यावर ओरडायला लागेन. माझा स्वभाव बाबांवर गेला आहे, तेव्हा यावर वाद नको.

आणि केंद्रात सगळं उत्तम असतं असंही मी म्हणत नाही. रात्री माणसं कमी असतात. एकाला सर्दी-ताप झाला की पसरतो. उठवून नेण्यापेक्षा डायपर सोपा, म्हणून चालत्या माणसालाही तो लावून ठेवतात. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवूनच मी फिरले. "आमच्याकडे कोणी कधी पडतच नाही" असं जिथे ऐकलं तिथून मी लगेच निघाले. एका ठिकाणी खोल्या सुरेख होत्या, पण गोळ्या सगळ्यांना एकाच फेरीत देतात म्हणाले. बाबांची लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनवरची, गोळी अर्धा-पाऊण तास पुढे गेली की काय होतं हे आईला सांगायला नको. हातातलं बटण हातातच राहतं. जी जागा ठरवली तिथल्या सिस्टरने स्वतःहून विचारलं, "वेळा लिहून द्या, जेवणाआधी किती मिनिटं देता तेही लिहा." मी तिथल्या एका रिकाम्या खोलीतली घंटा दाबून बघितली. धावतच कोणीतरी आलं आणि माझ्यावर चिडलंही. मला बरं वाटलं.

खोली कोपऱ्यातली आहे, उजेड सकाळचा. कॉट खिडकीला लागून आहे, म्हणजे बाबांना उठून बसल्यावर बाहेरचं दिसेल. खुर्ची आपलीच नेऊ: उंच बैठकीची, घट्ट हातांची. त्यांच्याकडच्या खुर्च्यांत माणूस रुततो. उशी, गोधडी, रेडिओ, मोठ्या आकड्यांचं घड्याळ, सगळं न्यायची परवानगी काढली आहे. चादरीच्या मधल्या पट्ट्यात मी सॅटिन शिवून घेतलं आहे, त्यावरून कूस वळायला सोपं जातं. आई, हे आधी सुचलं असतं तर तुझ्या काही रात्री तरी वाचल्या असत्या. दाढी रोज होईल, हे मी लिहून घेतलं आहे. दाढी न केलेले बाबा मला बघवत नाहीत. पंखा डोक्यावर नाही, पायाशी आहे. पेपर सकाळीच मिळेल आणि आधी बाबांच्या हातात पडेल, याची खात्री देता येत नाही, पण सांगून ठेवलं आहे.

दारातून जाताना बाबांचे पाय जमिनीला चिकटतात, त्यासाठी उंबऱ्यापाशी पावलाच्या अंतराने आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवायला ते तयार झाले. समोर रेघ दिसली की पाऊल निघतं. आणि बाबा, ठेका धरला तरी निघतं. शाळेत सोडताना तुम्ही माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायचात, एका पावलाला एक आकडा, आणि सातच्या पाढ्याला मी मुद्दाम हळू चालायचे, कारण शाळा जवळ आलेली असायची. आता पाय अडला की "बे एके बे" म्हणा. मोठ्याने म्हणा. कोणी हसलं तर हसू दे. मला मारुतीच्या देवळापर्यंत खांद्यावर नेणारे तुम्हीच होतात आणि मी कान धरून बसले तरी एकदाही हात सोडला नव्हता.

आता ऐका. गोळी ठरलेल्या वेळीच, जेवणाच्या अर्धा तास आधी, आणि कोणी "आज राहू द्या" म्हटलं तरी अचानक बंद करायची नाही. उलटी थांबवायला मेटोक्लोप्रमाइड किंवा झोपेत बडबडतात म्हणून हॅलोपेरिडॉल कोणीही द्यायचं नाही, त्याने पार्किन्सन बळावतो. दोन्ही नावं लाल अक्षरात कार्डावर लिहून मी कॉटच्या डोक्याशी लावणार आहे. उठताना आधी काठावर बसायचं, थोडं थांबायचं, मग उभं राहायचं. एकदम उठलं की रक्तदाब खाली येतो. जेवताना ताठ बसायचं आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. बाबा अचानक भलतंच बोलायला लागले तर "आजार वाढला" म्हणून गप्प बसायचं नाही, आधी लघवीची तपासणी करायची. आणि ते चालत असताना, आई, त्यांना प्रश्न विचारू नकोस. एका वेळी एकच काम होतं त्यांना. तसं ते आधीही होतंच.

आई, तुझं वेगळं. हाडांची गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास बसून किंवा उभं राहून काढायचा. आडवं व्हायचं नाही, बाबांच्या खोलीतसुद्धा नाही. बादली उचलायची नाही. तिथे गेल्यावर बाबांना सरकवायचं नाही, घंटा दाबायची. तुला रोज जाता येईल, भेटीच्या वेळांची कटकट नाही. गाडी दादाने लावून दिली आहे आणि संध्याकाळी तीच परत आणेल. पहिले काही आठवडे रात्री मी घरी असेन. आपण दोघी लवकर झोपू. तुला झोपलेलं मी फार वर्षांत पाहिलेलं नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा बसून बोलू. तुझी पाठ, बाबांचं वजन, त्यांचा चेहरा, सगळं बघून. नक्की परत आणू असं मी म्हणत नाही, कारण तुम्ही मग तारखा मोजत बसाल. पण कॉट हलवणार नाही, खोलीत सामान भरणार नाही, आणि बाबांच्या ठेवीला कोणी हात लावलेला नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. रात्री त्यांना फोन करून बघा कोण येतं ते.

रविवारी संध्याकाळी मी पोचते. बॅग मी भरणार, आईने वाकायचं नाही. फक्त कपड्यांवर नाव घालायचं राहिलं आहे, तेवढं बसून कर. आणि बाबा, स्वेटर कोणते न्यायचे ते तुम्ही ठरवा. आईने निवडलेले मी बॅगेतून काढून ठेवीन.

तुमची,
धाकटी

ता. क. चष्म्याची डावी काडी ढिली झाली आहे असं दादा म्हणाला. दोरा बांधू नका, मी येते तेव्हा स्क्रू आणते.