मूळ मजकूर कुणी वाचला? : परीक्षक झालेल्या मित्रास पत्र

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. वृत्तपत्रांच्या राष्ट्रीय पुरस्कारांच्या परीक्षक मंडळावर तुला बोलावले आहे हे वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. जिल्हा आवृत्तीची पाने लावण्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस अशा मंडळावर सहसा दिसत नाही, म्हणून आनंद. आणि तू भिडस्त आहेस, त्या खोलीत भिडस्त माणसाचे मत पहिल्या चहाबरोबरच संपते, म्हणून काळजी. प्रवेशिका वाचताना नेमके काय पाहावे आणि दिल्लीच्या सोहळ्याला जावे की निकाल कळवून घरीच बसावे, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. दुसऱ्याचे उत्तर एका शब्दाचे आहे: जा. पहिल्याचे मात्र लांबणार आहे, कारण त्यात माझीच एक चूक सांगायची आहे.

अशाच एका पुरस्काराच्या भारतीय भाषांच्या विभागात मी तीन वर्षे परीक्षक होतो हे तुला ठाऊक आहे. आम्ही पाच जण होतो आणि प्रत्येकाची भाषा वेगळी होती. प्रत्येक प्रवेशिकेबरोबर मूळ कात्रण आणि त्याचा इंग्रजी अनुवाद जोडलेला असे. याचा अर्थ असा की, ज्याची भाषा तो एक जण सोडला, तर बाकीचे चौघे अनुवादच वाचत आणि त्यावरच गुण देत. नियम म्हणून यात गैर काही नाही. दुसरा मार्ग मलाही सुचत नाही. पण दुसऱ्या वर्षी एका मराठी तालुका वार्ताहराची पाच भागांची मालिका आमच्यापुढे आली आणि या व्यवस्थेत काय गळून पडते ते मला तेव्हा कळले.

मालिका पिण्याच्या पाण्याच्या टँकरची होती. त्या वार्ताहराने गावागावांतल्या खेपांच्या नोंदवह्या पाहिल्या, डिझेलची बिले मिळवली आणि तारखा समोरासमोर मांडल्या. ज्या दिवशी एक टँकर गॅरेजमध्ये उभा होता, त्याच दिवशी त्याच्या नावावर तीन खेपा लागल्या होत्या आणि खाली पाणी मिळाल्याबद्दल गावकऱ्यांचे अंगठे होते. तिसऱ्या भागात एक म्हातारी त्याला म्हणते, "आमी अंगठा दिला, पानी कुनी दिलं?" साऱ्या मालिकेचा प्राण त्या एका वाक्यात होता. इंग्रजी अनुवादात त्या जागी गावकऱ्यांनी अनियमिततेचा आरोप केला, एवढ्याच अर्थाचे एक कोरडे वाक्य आले होते. अनुवाद करणाऱ्याला मी दोष देत नाही. प्रवेशिका पाठवण्याची मुदत संपत आलेली, कार्यालयातल्याच कुणाला तरी रात्रीचे काम आटोपून ते करायला बसवलेले. त्याने जमेल तसे केले. दोष माझा, कारण त्या खोलीत मूळ मजकूर वाचू शकणारा मी एकटाच होतो. मी चार-पाच मिनिटे मालिकेचे महत्त्व सांगितले, दुष्काळ, ग्रामीण पाणीपुरवठा वगैरे भारदस्त शब्द वापरले आणि ते एक वाक्य वाचून दाखवायचे राहूनच गेले. पुरस्कार दुसऱ्या भाषेतल्या एका लेखमालेला गेला. ती चांगलीच होती, आणि तिचा अनुवादही फार चांगला होता.

पुढे एका कार्यक्रमात त्या वार्ताहराची गाठ पडली. मी ओशाळून विषय काढला, तेव्हा तो हसून म्हणाला की गॅरेजच्या पावतीची कल्पना मुळात त्याची नव्हतीच. पहिल्या भागाचा मजकूर गेल्यावर रात्रपाळीच्या उपसंपादकाने फोन करून विचारले होते, "त्या दिवशी गाडी चालू होती की बंद, हे तू पाहिलंस का?" या एका प्रश्नामुळे मालिका तीन दिवस थांबली आणि जी गोष्ट नुसती तक्रार म्हणून छापून गेली असती तिला पुरावा मिळाला. प्रवेशिकेत त्या उपसंपादकाचे नाव कुठेही नव्हते. बायलाइन, म्हणजे बातमीवर छापलेले नाव, एकाची, म्हणून प्रवेशिकाही एकाची. तू स्वतः आयुष्यभर डेस्कवर बसून असेच प्रश्न विचारत आलास, म्हणून हे तुला जास्त समजावून सांगायची गरज नाही. मात्र परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर हेच विसरायला होते, हे अनुभवाने सांगतो.

अमेरिकेतल्या पुलित्झर पुरस्कारांचा इतिहास मी त्यानंतर जरा लक्षपूर्वक वाचला. ते १९१७ मध्ये सुरू झाले आणि बातमीदारीचा पहिला पुरस्कार खुद्द जोसेफ पुलित्झर यांच्याच 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या हर्बर्ट बेयार्ड स्वोप यांना मिळाला. (आपल्याकडे असे झाले असते तर किती अग्रलेख पडले असते, याची कल्पना कर.) पण त्यांच्या रचनेत एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. लोकसेवेसाठीचे सुवर्णपदक, जे त्या पुरस्कारांत सर्वांत मानाचे समजले जाते, ते व्यक्तीला न देता वृत्तपत्राला किंवा वृत्तसंस्थेला देतात. वॉटरगेटच्या, म्हणजे पुढे अध्यक्ष निक्सन यांच्या राजीनाम्यापर्यंत पोचलेल्या प्रकरणाच्या, वार्तांकनाबद्दल १९७३ मध्ये ते 'वॉशिंग्टन पोस्ट'ला मिळाले. जगाला दोन बातमीदारांची नावे पाठ असली, तरी पदकाचा मान साऱ्या कार्यालयाचा. १९३७ मध्ये तर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पाच संस्थांच्या पाच विज्ञान वार्ताहरांना मिळून एकच पुरस्कार दिला गेला, आणि त्या पाचांत गोबिंद बिहारी लाल हे भारतीय होते. आपल्याकडेही असे उदाहरण आहे. बुंदेलखंडातल्या ग्रामीण स्त्रिया चालवत असलेल्या 'खबर लहरिया'ला २००४ साली महिला पत्रकारांसाठीचा चमेली देवी जैन पुरस्कार मिळाला, तो त्यांच्या साऱ्या गटाला. तुझ्या मंडळाच्या नियमांत प्रवेशिकेवर एकाहून अधिक नावे चालत नसतील, तर पहिल्याच बैठकीत हा मुद्दा काढ. निकालाच्या दिवशी काढलास तर कुणी ऐकणार नाही.

याच इतिहासातली दुसरी बाजू तुला माहीत असावी, कारण तिच्यातून परीक्षकाने शिकायचे आहे. 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये सप्टेंबर १९८० मध्ये जॅनेट कुक यांनी हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या एका मुलाची कहाणी लिहिली. ती इतकी परिणामकारक होती की शहराच्या पोलिसांनी त्या मुलाचा शोध घेतला. मुलगा सापडला नाही. तरीही १९८१ च्या एप्रिलमध्ये त्या लेखाला पुलित्झर जाहीर झाले. मग बाईंच्या जुन्या वृत्तपत्राच्या लक्षात आले की पुरस्कारासोबत प्रसिद्ध झालेल्या परिचयातली शैक्षणिक माहिती त्यांच्याकडच्या नोंदींशी जुळत नाही. तिथून धागा सुटत गेला, मुलगा कल्पित असल्याचे बाईंनी कबूल केले आणि पुरस्कार परत करण्यात आला. यातली मेख लक्षात घे. खोटेपणा लेखातल्या उणिवेमुळे उघड झाला नाही. लेख उत्तम होता, आणि उत्तम असल्यामुळेच तो मुलगा कुठे आहे हे बाईंना आग्रहाने विचारायचे संपादकांकडून आणि परीक्षकांकडून राहून गेले. टिपणवही वेळीच कुणी मागितली नाही.

वॉल्टर ड्युरांटी यांचे प्रकरण याहून अवघड आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे मॉस्कोतले वार्ताहर म्हणून १९३१ साली लिहिलेल्या लेखांबद्दल त्यांना १९३२ चा पुरस्कार मिळाला. पुढे युक्रेनमध्ये लक्षावधी माणसे उपासमारीने मेली आणि ड्युरांटी दुष्काळ नसल्याचे सांगत राहिले. पुरस्कार काढून घ्यावा अशी मागणी अनेक वर्षे झाली. २००३ मध्ये पुरस्कार मंडळाने तो काढून न घेण्याचा निर्णय केला. मला तो निर्णय पटत नाही, पण तो मुद्दा वेगळा. परीक्षकाला एवढे कळले तरी पुरे की त्याने दिलेला पुरस्कार सत्तर वर्षांनीही त्याच्या मंडळाच्या दारात येऊन उभा राहू शकतो.

म्हणून माझे पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की तू मूळ माग. मराठी प्रवेशिकेचे नुसते कात्रण घेऊन समाधान मानू नकोस. ते ज्या पानावर छापले होते ते अख्खे पान माग, म्हणजे संपादकाने बातमीला कुठे जागा दिली, मथळा काय लावला आणि बातमी जाहिरातीच्या कुशीत कशी दडपली हे दिसेल. पुढच्या आठवड्यांतला पाठपुरावा माग. ज्यांच्यावर आरोप आहेत त्यांची बाजू छापली का, ते पाहा; नसेल तर का नाही, हे संपादकाला विचारून घे. आणि जे लेखन वाचून तुझ्या डोळ्यांत पाणी येईल, त्याच्या टिपणांची चौकशी सर्वांत आधी कर. तू हे सगळे मराठी प्रवेशिकांपुरते करू शकशील. उरलेल्या भाषांसाठी तुला इतर परीक्षकांवर विसंबावे लागेल, तेव्हा त्यांनाही त्यांच्या भाषेतले एकेक मूळ वाक्य मोठ्याने वाचून अर्थ सांगायला लाव. मी जे केले नाही ते तू कर.

आता सोहळ्याविषयी. तो तुला थोडा निराश करील. प्रमुख पाहुणे उशिरा येतील, पुरस्कार पुष्कळ असतील, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा-पाऊण मिनिट येईल, सूत्रसंचालक दक्षिणेकडच्या आणि ईशान्येकडच्या नावांची मोडतोड करील, आणि मागच्या पडद्यावर कात्रणे अशी झळकतील की पहिल्या रांगेतल्या माणसालाही मथळ्यापलीकडे काही वाचता येणार नाही. ज्यांचे काम शब्दांचे, त्यांच्या गौरवाच्या संध्याकाळी त्यांचा एकही शब्द कुणी वाचत नाही, हे मला तिन्ही वर्षे खटकत राहिले.

प्रमुख पाहुणा कोण असावा, यावर तुमच्या मंडळात वाद होईलच. सत्तेतल्या माणसाच्या हातून पत्रकाराने पुरस्कार घ्यावा का, हा प्रश्न जुना आहे. ग्रामीण भारतावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी २००९ मध्ये पद्मभूषण नाकारले ते याच भूमिकेतून, की ज्या सरकारच्या कामावर पत्रकाराने नजर ठेवायची त्याच सरकारचा सन्मान त्याने घेऊ नये. एक्स्प्रेस समूहाने आपले संस्थापक रामनाथ गोएंका यांच्या नावे जे पुरस्कार सुरू केले, त्यांच्या २०१६ च्या सोहळ्याला पंतप्रधान प्रमुख पाहुणे होते. ग्रंथ विभागातले मानकरी अक्षय मुकुल त्यांच्या हस्ते पुरस्कार घ्यायला आले नाहीत. त्याच व्यासपीठावर आभार मानताना 'इंडियन एक्स्प्रेस'चे संपादक राजकमल झा यांनी मुख्यमंत्र्याने एका वार्ताहराची स्तुती केल्यावर गोएंकांनी त्या वार्ताहरालाच काढून टाकल्याची आठवण सांगितली. ज्या वृत्तपत्राने आणीबाणीत २८ जून १९७५ रोजी सेन्सॉरशिपच्या निषेधार्थ अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, त्याच्या व्यासपीठावर ती आठवण शोभून दिसली. माझे स्वतःचे मत विचारशील, तर पाहुणा मंत्री असण्याबद्दल माझा फारसा आक्षेप नाही, पण त्याने शेवटी बोलू नये. शेवटचा शब्द पत्रकाराचा असावा.

आणि म्हणूनच तू जा. जाऊन आयोजकांना एक सूचना कर: प्रत्येक भाषेतल्या विजेत्याने व्यासपीठावर आपल्या मजकुराची तीन-चार वाक्ये मूळ भाषेत वाचावीत आणि पडद्यावर त्यांचा अनुवाद दिसावा. सोहळा वीस मिनिटांनी लांबेल, हा आक्षेप येईल. तेव्हा पाहुण्यांच्या सत्कारातली शाल, पुष्पगुच्छ आणि परिचय यांना कात्री लावता येईल हे त्यांना सांग. यात नवीन काही नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले तेव्हा मराठी आणि इंग्रजी रकाने एकाच पानावर शेजारी-शेजारी छापले होते. ज्याला जी भाषा येई त्याने ती वाचावी, पण दुसरी डोळ्यांसमोर राहावी. आपल्या पहिल्या वृत्तपत्राला जे जमले ते एका सभागृहाला जमायला हरकत नाही.

सोबत त्या टँकरच्या मालिकेची पाचही पाने पाठवतो आहे. तिसऱ्या भागातल्या त्या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे, आणि पहिल्या पानाच्या समासात रात्रपाळीच्या त्या उपसंपादकाचे नाव लिहिले आहे. बैठकीत उदाहरण म्हणून दाखवायची झाली तर खुशाल दाखव, पण काम झाल्यावर स्पीड पोस्टाने परत पाठव. माझ्याकडे तेवढीच प्रत आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद